कामाचा शेवटचा दिवस

‘गिरणी कामगाराचा पोरगा आणि बोलतोस मालकासारखं,’ हे मी इतक्यांदा ऐकलंय की हल्ली उत्तर देत नाही, चहा मागवतो. मालक मी आहेच. सातारच्या एमआयडीसीत माझं मशिनशॉप आहे. कॉम्प्युटरवर चालणारी ४ सीएनसी आणि २ व्हीएमसी मशिनं, विकायला हात धजत नाही असं एक जुनं लेथ आणि दोन्ही पाळ्या धरून ३१ माणसं. गिरणी कामगाराचा पोरगाही आहेच. मत कुणाला देतो तेही आमच्या पेठेत सगळ्यांना ठाऊक आहे. कमळाला. कधी आनंदाने, कधी दुसरं आहे कोण म्हणून.

दरवर्षी १८ जानेवारी आली की कुणी ना कुणी मला मुंबईच्या १९८२ च्या गिरणी संपावरचा लेख पाठवतं. यंदा ४४ वर्षं झाली. लेख दोनच प्रकारचे असतात. एकात संपाचे नेते डॉक्टर दत्ता सामंत देव असतात, दुसऱ्यात मुंबई बुडवणारा राक्षस. हे लिहिणाऱ्यांच्या घरात संप शिरला नसावा असं मला नेहमी वाटतं. आमच्या शिरला होता. १० बाय १२ ची खोली, पोटमाळ्यासकट.

खोली लालबागला. माझे वडील आबा साचेखात्यात म्हणजे विणाईला, त्यांचे धाकटे भाऊ म्हणजे आमचे तात्या त्रासन खात्यात म्हणजे सूतकताईला, गिरणी एकच. गाव पाटण तालुक्यात, डोंगरात. खोलीत आम्ही पाच जण, तात्या, आणि आईकडे महिन्याने जेवणारे गावाकडचे चार बाप्ये. मी आठवीत होतो. १८ जानेवारी १९८२ ला सोमवार होता. १७ ला रविवार, म्हणजे आबा शेवटचे कामावर गेले ते शनिवारी, १६ तारखेला. दुसरी पाळी करून रात्री आले, डबा मोरीत ठेवला आणि आईला म्हणाले, “आता पंधरा दिवस निवांत.”

पंधरा दिवस!

जवळपास अडीच लाख माणसं आणि साठाहून जास्त गिरण्या. भोंगा बंद झाल्यावर पहिल्या आठवड्यात लालबाग-परळला जत्रेचं रूप होतं. गल्लीत कॅरमचे डाव, दिवसाढवळ्या घरात दिसणारे बाप, भजनी मंडळाला अचानक आलेला बहर. मार्चपर्यंत बाप्ये गावी गेले आणि आईची खानावळ बसली. मे महिन्यात आम्हीही गावी गेलो. मी शाळेसाठी जूनमध्ये परत आलो, आबा आणि तात्यांबरोबर. आई आणि बहिणी गावीच राहिल्या. तिघं पुरुष एका खोलीत आणि दोन वेळा पिठलं. ऑगस्टमध्ये पोलिसांचं बंड झालं, रस्त्यावर दगड आणि लष्कर आलं. आबांना वाटलं, आता सरकार वाकतं. सरकार वाकलं नाही.

दिवाळीनंतर एका सकाळी तात्या उठले, अंघोळ केली आणि पोलिसांच्या गाडीमागून गिरणीत गेले. सांगून नाही गेले. आबांना ते कोपऱ्यावरच्या पानवाल्याकडून कळलं. संध्याकाळी तात्या परतले तेव्हा त्यांची पत्र्याची ट्रंक गॅलरीत होती. आबा एकच शब्द बोलले, तो इथे लिहीत नाही. तात्यांनी ट्रंक उचलली. त्यांच्या मुलीला गावी कावीळ झाली होती आणि सावकाराकडे तांब्यापितळेची भांडी गेली होती, हे मला पुढे खूप वर्षांनी काकूकडून कळलं. त्या वेळी त्यांनी ते सांगितलं नाही आणि आबांनी विचारलं नाही.

आजी गेली तेव्हा दोघांनी तिरडीला खांदा दिला. एक पुढे, एक मागे. बोलणं नाही.

माझं म्हणणं या दोघांपासूनच सुरू होतं. माझ्या उजव्या दोस्तांना वाटतं तात्या शहाणे. डाव्या दोस्तांना वाटतं आबा खरे. मी दोघांच्या ताटात जेवलोय. आबांना संपावर राहायचा हक्क होता आणि तात्यांना कामावर जायचा. पण या दोघांना, आणि त्या अडीच लाखांपैकी कुणालाच, संप करायचा का, चालू ठेवायचा का, आपल्या वतीने कोण बोलणार, हे एकट्याने, चिठ्ठीवर, कुणी बघत नसताना कधी विचारलं गेलं नाही. कायद्याने विचारलं नाही, मान्यताप्राप्त युनियनने विचारलं नाही, डॉक्टरांनीही विचारलं नाही. डॉक्टरांच्या गेटसभेत हात वर करायचे असत. हजार हात वर गेल्यावर स्वतःचा खाली ठेवायची छाती किती जणांची असते?

कायद्याचं जरा सविस्तर सांगतो, कारण पाठवलेल्या लेखांत हे दोन ओळींत उरकलेलं असतं आणि खरी गाठ तिथेच आहे. १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा, कामगारांच्या तोंडी नुसता ‘बीआयआर’. त्यात एका भागातल्या एका धंद्याला एकच प्रातिनिधिक युनियन. मालकाने वाटाघाट करायची ती तिच्याशी, करार व्हायचा तो तिच्या सहीने, आणि तो सगळ्यांना लागू. मुंबईच्या कापडधंद्यात ही गादी राष्ट्रीय मिल मजदूर संघाची. हा संघ इंटक या देशव्यापी कामगार संघटनेचा, आणि इंटक काँग्रेसच्या घरची. गादीवर बसायला धंद्यातले एक चतुर्थांश कामगार सभासद असले की पुरे. मोजायच्या त्या वर्गणीच्या पावत्या. मतपेटी नाही.

आता मालक म्हणून सांगतो, एका धंद्यात बोलायला एकच युनियन ही कल्पना वाईट नाही. चार युनियनशी चार करार करायची वेळ माझ्या वैऱ्यावरही येऊ नये. पण ती एक कोण, हे कामगाराने ठरवायला हवं होतं. इथे ते पावतीपुस्तकाने ठरवलं आणि पावतीपुस्तकामागे राज्य चालवणारा पक्ष उभा राहिला. म्हणजे पगाराच्या भांडणात एका बाजूला मालक, दुसऱ्या बाजूला कामगाराच्या नावाने सत्ताधारी पक्षाचाच माणूस. कामगार उरला गेटबाहेर. कम्युनिस्टांनी हे त्यांच्या भाषेत लाखदा सांगितलंय. मी माझ्या भाषेत सांगतो. सरकारने एका पक्षाला एका धंद्याचा मक्ता दिला होता. साखरेत, सिमेंटात लायसन्स-परवान्याला आपण नावं ठेवतो ना? हे कामगारांचं लायसन्स राज होतं.

मग जे व्हायचं तेच झालं. गादी मतांनी मिळत नाही म्हटल्यावर प्रत्येक पक्षाने रस्त्यावर आपली ताकद दाखवायला सुरुवात केली. लाल बावट्याची पुण्याई मोठी, १९२८ चा सहा महिन्यांचा संप त्यांनी लढवला होता, आबांचे आजोबा त्यात होते असं घरी सांगतात. १९६८ मध्ये शिवसेनेने भारतीय कामगार सेना काढली. ५ जून १९७० ला परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा लालबागेत खून झाला, आमच्या चाळीपासून चालत दहा मिनिटांवर. पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नीला हरवून वामनराव महाडिक निवडून आले, सेनेचे पहिले आमदार. मी तेव्हा जेमतेम दोन वर्षांचा. पण लहानपणी त्या गल्लीवरून जाताना आई पदर सावरून पावलं उचलायची, ते आठवतं. वेतनवाढीचं भांडण आमदारकीच्या भांडणात मिसळलं ते गिरणगावात असं, रक्ताने.

आणि डॉक्टर सामंत? ते काही आभाळातून पडले नव्हते. तेही काँग्रेसचेच, इंटकमधूनच वर आलेले. १९८१ च्या दिवाळीत बोनसवरून कामगार मान्यताप्राप्त युनियनवर चिडले आणि घोळक्याने डॉक्टरांच्या घरी घाटकोपरला गेले. ‘आमचं नेतृत्व करा’ म्हणून. आबा त्या घोळक्यात होते. ते सांगतात, डॉक्टर तयार नव्हते, आधी इतर कंपन्यांचे लढे आहेत म्हणाले. मला हे खरं वाटतं. तो माणूस कामगाराला फसवायला निघाला नव्हता. त्याची चूक निराळी होती. इंजिनिअरिंग कंपनीत नफा वाढता असतो, तिथे संप ताणला की मालक वाकतो. गिरण्यांचे साचे जुने, गोदामात कापड पडून, आणि मालक भिवंडीच्या मागावर कापड विणून घेऊन आपला छाप मारायला शिकलेला. अशा मालकाला बंद गिरणी परवडते. उलट काहींना ती हवीच असते. हे ओळखायला डॉक्टर कमी पडले.

मालकांची बाजू घ्यायचा मला कंटाळा नाही, पण गिरणीमालकांची घेववत नाही. ज्यांनी वीस-तीस वर्षं नफा काढून मशिनरीवर रुपया घातला नाही, त्यांना उद्योजक म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मी कर्ज काढून व्हीएमसी घेतलं तेव्हा पाच वर्षं नवा सदरा शिवला नव्हता. ते गिरणीमालक जमिनीवर बसले होते, धंद्यावर नाही. पुढे १९९१ मध्ये नियम बदलले आणि गिरण्यांच्या जमिनीचं सोनं झालं तेव्हा ते सगळ्यांनाच दिसलं.

पण संप का मिटला नाही? मागण्या काही आभाळाएवढ्या नव्हत्या. पगारवाढ, बदली कामगारांना कायम करणं, घरभाडं, रजा. यातलं निम्मं कुठल्याही टेबलावर सुटलं असतं. अडलं ते एकाच मागणीवर, बीआयआर रद्द करा. तिच्यातून निघणारा प्रश्न होता, मुंबईचा कामगार काँग्रेसचा की डॉक्टरांचा? डॉक्टरांना इथे काही दिलं तर उद्या ते गोदीत शिरतील, परवा आणखी कुठे, ही भीती दिल्लीत होती असं त्या काळावर लिहिणारे बहुतेक जण सांगतात. खुद्द राज्यात संप सुरू झाला त्याच आठवड्यात मुख्यमंत्री बदलत होते. अंतुले गेले, बाबासाहेब भोसले आले, वर्षभरात तेही गेले आणि वसंतदादा आले. बोलायचं कुणाशी? पगाराचा प्रश्न पैशाने सुटतो. पक्षाची इभ्रत पैशाने सुटत नाही. १९८३ च्या ऑक्टोबरात केंद्राने १३ गिरण्या ताब्यात घेतल्या. १९८४ च्या डिसेंबरात, अख्खा देश इंदिराजींच्या हत्येनंतर काँग्रेसला भरभरून मत देत होता तेव्हा, दक्षिण मध्य मुंबईने डॉक्टरांना लोकसभेत पाठवलं. आबा मत द्यायला खास गावाहून आले होते. गुप्त मतदान त्यांना मिळालं ते तिथे, खासदार निवडायला. संपासाठी नाही.

आणि संप अधिकृतपणे मागे घेतलाच गेला नाही. कुणीच तशी घोषणा केली नाही. हे आबा अजून सांगतात, आणि सांगताना हसतात की नाही ते मला आजही नक्की कळत नाही.

विषय निघालाच आहे तर थोडं लांबचं. माझ्या विचाराच्या लोकांना त्या काळचे अमेरिकेचे अध्यक्ष रीगन आणि ब्रिटनच्या पंतप्रधान थॅचर यांचं फार कौतुक. मलाही आहे. पण कौतुक करणाऱ्यांना अर्धीच गोष्ट माहीत असते. अमेरिकेतल्या विमानतळांवरच्या हवाई वाहतूक नियंत्रकांची पॅटको नावाची युनियन होती. १९८० च्या निवडणुकीत तिने रीगनना पाठिंबा दिला. १९८१ च्या ऑगस्टमध्ये तिने संप केला आणि त्याच रीगननी ४८ तासांची मुदत देऊन ११,००० हून जास्त जणांना घरी बसवलं. ‘आपला माणूस’ निवडून आणला की आपलं भागेल, असं समजणाऱ्या प्रत्येक युनियनवाल्याने हे भिंतीवर लिहून ठेवावं.

थॅचरबाईंची गोष्ट मला जास्त जवळची आहे. १९८४-८५ चा खाणकामगारांचा संप. आर्थर स्कारगिल या नेत्याने देशभरातल्या सभासदांचं मतदान न घेताच संप पुढे रेटला. नॉटिंगहॅमशायरच्या बऱ्याच खाणकामगारांचं म्हणणं, आम्हाला विचारा, मग आम्ही उतरू. विचारलं नाही, ते कामावर गेले. शेवटी त्यांनी वेगळी युनियन काढली. तिथल्या गावांत भाऊ भावाशी वर्षानुवर्षं बोलले नाहीत. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं. मला ट्रंक आठवली, गॅलरीतली. त्याच १९८४ मध्ये थॅचर सरकारने कायदा केला, संपाआधी सभासदांचं गुप्त मतदान घ्या, नाहीतर युनियनला कायद्याचं संरक्षण नाही. डाव्यांनी त्याला कामगारविरोधी म्हटलं. मला तो तात्यांच्या बाजूचा कायदा वाटतो. आणि आबांच्याही, कारण मतदानात हरले असते तर तात्यांची ट्रंक बाहेर काढायची वेळ आबांवर आली नसती, आणि जिंकले असते तर बहुधा तात्यांवर पोलिसांच्या गाडीमागून जायची.

आता माझ्याच घरच्यांना चार शब्द. भारतीय मजदूर संघ ही आमच्या विचाराची संघटना. दत्तोपंत ठेंगडी, आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीचे, त्यांनी १९५५ मध्ये ती काढली आणि पक्षापासून लांब राहायचं व्रत घेतलं. ठेंगडी वाजपेयींच्या सरकारवरही तुटून पडले होते, हे त्यांना शोभणारंच होतं. २०१२ च्या फेब्रुवारीत आणि २०१३ च्या फेब्रुवारीत देशव्यापी संप झाला त्यात मजदूर संघ होता. त्यात इंटकही होती, दिल्लीत काँग्रेसचं सरकार असताना. मी इंटकला इतकी नावं ठेवली, म्हणून हेही नोंदवतो. आपल्याच सरकारविरुद्ध उतरायला हिंमत लागते. मग २०१४ ला आमचं सरकार आलं आणि २ सप्टेंबर २०१५ च्या संपातून मजदूर संघ ऐन वेळी बाहेर पडला. सरकारने आश्वासनं दिली होती म्हणे. असतीलही. पण तीच आश्वासनं काँग्रेसच्या मंत्र्याने दिली असती तर घरी बसलो असतो का आपण?

एसटीचा संप तर कालपरवाचा. २०२१ च्या ऑक्टोबरअखेर सुरू झाला, २०२२ च्या एप्रिलात हायकोर्टाने २२ तारखेपर्यंत कामावर या म्हटल्यावर संपला. मागणी एकच, महामंडळाचं राज्य सरकारात विलीनीकरण. पगार खरंच हलाखीचे होते, त्यात वाद नाही. नोव्हेंबरात सरकारने मूळ वेतनात वाढ दिली, १ ते १० वर्षं नोकरी झालेल्यांना ५,००० रुपये. माझ्या मते तिथे संप जिंकला होता. पण तोवर आझाद मैदानात आमच्या पक्षाचे पुढारी जाऊन बसले होते, विलीनीकरण झालंच पाहिजे म्हणत. समोर महाविकास आघाडीचं सरकार. पगारवाढीनंतर ते पुढारी उठले, मैदान वकील गुणरत्न सदावर्ते यांच्याकडे राहिलं, आणि पुढे काही कर्मचारी शरद पवारांच्या घरावर चप्पल-दगड घेऊन गेले. माझ्या ओळखीचा एक कंडक्टर पाच महिने घरी बसला. त्याची बायको आमच्याकडे पॅकिंगला येऊ लागली. ३० जून २०२२ ला सरकार बदललं. ज्यांनी मैदानात विलीनीकरणाची शपथ घातली ते सत्तेत गेले. विलीनीकरण? आजतागायत नाही. मला विचाराल तर व्हायलाही नको, राज्याच्या तिजोरीला ते झेपणार नाही. पण मग ते मैदानात सांगायचं होतं. सरकार पाडायला कंडक्टरचा खांदा वापरायचा आणि पडल्यावर हिशोबाची वही उघडायची, याला माझ्या शब्दकोशात नाव आहे, ते आबांनी तात्यांना वापरलं होतं.

हे लिहिलं की पक्षाच्या ग्रुपवरून मला पुन्हा काढतील. मागच्या खेपेला आठ दिवसांत घेतलं होतं परत, वर्गणीच्या वेळेला.

मला याचा चटका बसला तो सहा-सात वर्षांपूर्वी. ज्या मोठ्या कंपनीला मी सुटे भाग देतो (नाव लिहीत नाही, माल अजून तिकडेच जातो), तिथे दोन पक्षांच्या दोन युनियन. करार संपलेला, दोघींच्या मागण्या जवळजवळ सारख्या, आकड्यांत फरक म्हणाल तर महिन्याला दोन-तीनशे रुपयांचा. भांडण पेटलं ते गेटवर कुणाचा फलक वर लावायचा यावरून. फलक फाटला, मारामारी झाली, कंपनीने टाळं लावलं. ७० दिवस. कंपनीतल्या कायम कामगारांना नंतर थकबाकीसकट बरंच मिळालं. माझ्या शॉपमधल्या पोरांना कोण देणार? पहिला महिना मी गाडी ढकलली. दुसऱ्या महिन्यात बायकोच्या पाटल्या बँकेत गेल्या. तिसऱ्या महिन्याच्या तोंडावर दोन पोरं सोडून गेली, त्यातला एक असा फिटर होता की मायक्रोमीटर न लावता माप सांगायचा. तो आता पुण्यात जेवणाचे डबे पोचवतो मोटारसायकलवर. त्या दोन्ही युनियनच्या फलकांवर ‘कामगार एकजुटीचा विजय असो’ लिहिलेलं होतं. माझे ३१ या एकजुटीत धरलेले नव्हते.

माझ्याकडे युनियन नाही. एकदा आमच्या सुपरवायझरने भीत भीत विचारलं, “साहेब, पोरं म्हणतायत युनियन करू का?” खोटं कशाला बोलू, पोटात गोळा आला. रात्री झोप नाही. सकाळी त्याला म्हटलं, करा. दोन गोष्टी सांभाळा. नेता तुमच्यातलाच हवा, मशिनवर उभा राहणारा. आणि १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्यात एक कलम आहे, राजकारणासाठीचा पैसा वेगळ्या खात्यात ठेवावा लागतो आणि तो द्यायची कुणावर सक्ती करता येत नाही, ते वाचून दाखवा सगळ्यांना. त्याने वाचून दाखवलं. युनियन झाली नाही. का, ते मी विचारलं नाही. दिवाळीत बोनस मात्र मी बिनमागता वाढवला, म्हणजे माझ्या पोटातला गोळा काही अगदीच वाया गेला नाही.

नोव्हेंबर २०२५ मध्ये चार कामगार संहिता लागू झाल्या. २९ जुने कायदे त्यात घातले. ३०० पेक्षा कमी कामगार असले तर कपात करायला सरकारची परवानगी नको, संपाआधी १४ दिवसांची नोटीस हवी, आणि हजेरीपटावरच्या ५१ टक्क्यांचा पाठिंबा असलेली युनियन वाटाघाटीला बसणार. डाव्या युनियनांनी निषेध केला, मजदूर संघाने स्वागत केलं. कुणी काय म्हणायचं ते मजकूर यायच्या आधीच ठरलेलं असतं हल्ली. मला त्यातलं ५१ टक्के आवडलं. २५ टक्के पावत्यांपेक्षा ते किती पटीने बरं. पण ते ५१ मोजणार कसे, यावर सगळं आहे. पुन्हा पावत्या आणि सह्या गोळा करायच्या असतील तर गेटवर उभा राहून सही कोण घेतो, तो कुणाचा माणूस, हेच पुन्हा.

माझ्या एका डाव्या मित्राने मागे विचारलं होतं, मग तुला कामगार चळवळीतलं कुणी आवडतं की नाही? आवडतात. नारायण मेघाजी लोखंडे. जोतिबांचे अनुयायी, ‘दीनबंधू’ चालवणारे. १८८४ मध्ये त्यांनी गिरणी कामगारांची संघटना उभी केली, सभा घेतल्या, अर्ज केले, सह्या जमवल्या, मालकांच्या दारात पुन्हा पुन्हा गेले. १८९० च्या जूनमध्ये रविवारची सुट्टी मिळाली. सरकारने त्यांना रावबहादूर केलं, त्यांनी ते नाकारलं नाही. मित्र म्हणाला, हा तर तुझाच माणूस. मी म्हटलं, तुझा नाही का? तो गप्प बसला. दोघांनी चहा प्यायला, रविवार होता.

परवा आबांना घेऊन कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो. गिरणी कामगारांच्या घरांसाठीची कागदपत्रं अपलोड करायची होती. २०१२ मध्ये पहिली सोडत निघाली तेव्हा आबांचा नंबर लागला नाही, तात्यांचाही लागला नाही. त्या दिवशी निकाल बघायला दोघे वेगवेगळे गेले होते आणि येताना एकाच एसटीने आले. स्वारगेटला तात्यांनी दोन वडापाव घेतले. आबांनी एक खाल्ला. तिथून बोलणं सुरू झालं, इतकंच मला माहीत आहे. आता शेलू-वांगणीकडे घर देतो म्हणतात. आबांचं वय ८६. लालबागच्या माणसाने वांगणीला जाऊन काय करायचं, हा प्रश्न ते रोज सकाळी पेपर वाचून मला विचारतात.

तात्या तीन वर्षांपूर्वी गेले. त्यांचे कागद घेऊन माझा चुलतभाऊ आला होता. दुकानातल्या पोराने दोन्ही फायली शेजारी शेजारी ठेवल्या. आबांचा पास, तात्यांचा पास, फंडाचे कागद, गिरणीचा शिक्का तोच. पोरगं २२-२३ चं असेल. त्याने सहज विचारलं, “आजोबा, कामाचा शेवटचा दिवस कुठला?”

“१६ जानेवारी १९८२. दुसरी पाळी,” आबा म्हणाले. मग तात्यांच्या फायलीकडे बोट केलं. “ह्याचा नंतरचा आहे.”

“चालतंय,” पोरगं म्हणालं. “१ जानेवारी ८२ ला पटावर होते ना दोघं? तेवढंच बघतात. पुढचं काही विचारत नाहीत.”

आबा त्याच्याकडे बघत राहिले. मग मला म्हणाले, “त्याचं नाव आधी चढव.”